हळद पिवळी राहू दे, माणसं नकोत: मांडवातल्या फोटोंचे रंग कसे सुधारावेत

प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या हळदीचे चारशेच्या वर फोटो आहेत. निम्मे कॅमेऱ्यातले, रॉ फाइलसह (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद), निम्मे मोबाइलचे. मांडव पिवळ्या कापडाचा होता. फोटोंत सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसतात. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची झाक काढणारं सेटिंग, ऑटोवर टाकला की चेहरे राखेसारखे होतात, हळद फिकट पडते आणि हिरवा चुडा मोरपंखी दिसायला लागतो. अल्बमची एक शीट छापून पाहिली, ती स्क्रीनपेक्षा बरीच काळपट आली. काय चुकतंय?

कॅमेऱ्याचं काही चुकलेलं नाही आणि ऑटोचंही तसं नाही. ऑटोचा साधारण हिशोब असा असतो की फ्रेममधले सगळे रंग मिसळले तर राखाडीच्या आसपास काहीतरी यायला हवं. नाही आलं, तर जो रंग जास्त झाला तो म्हणजे उजेडाची झाक, काढून टाका. तुमच्या फ्रेममध्ये पिवळी साडी, झेंडूच्या माळा, परातभर हळद आणि वर पिवळं कापड. यातला बराचसा पिवळा खरा आहे. ऑटोला खरा पिवळा आणि उजेडाचा पिवळा यांतला फरक कळत नाही, म्हणून तो दोन्ही पुसतो. आपल्याला फक्त उजेडाचा पिवळा काढायचा आहे. पुढचं सगळं काम एवढ्यासाठीच.

फोटो उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. लॅपटॉपवर नाइट लाइट किंवा डोळ्यांसाठीचा कुठलाही उबदार मोड चालू असेल तर बंद करा; मॅकवर ट्रू टोनही. हे चालू ठेवून रात्री सुधारलेले फोटो सकाळी निळे निघतात, आणि मग दोष सॉफ्टवेअरला जातो. दुसरं म्हणजे स्क्रीनची ब्राइटनेस. कॅलिब्रेटर असेल तर ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि साधारण १०० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा. नसेल तर खोलीत एक ट्यूबलाइट लावा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खरा कागद धरा आणि दोन्ही सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बहुतेक लॅपटॉपवर ती निम्म्याच्या आसपास येते. तुमची शीट काळी येण्याचं कारण बहुधा इथेच आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आता उजेडाबद्दल. पिवळ्या कापडातून येणारं ऊन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड नव्हे. बल्बच्या उजेडात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी असतो. पिवळं कापड फक्त निळा खातं, लाल आणि हिरवा जवळजवळ तसेच सोडतं. म्हणून या झाकेत हिरवट अंश राहतो. नुसता टेम्परेचरचा (निळा-पिवळा) स्लायडर डावीकडे ओढून चेहरे सुधारत नाहीत, कच्च्या आंब्यासारखे दिसतात, ते यामुळे. टिंट, म्हणजे हिरवा-किरमिजी स्लायडर, किरमिजीकडे न्यावाच लागतो. अशा मांडवात रॉ फाइलवर टेम्परेचर ३००० ते ३६०० आणि टिंट अधिक १५ ते अधिक ३० या पट्ट्यात कुठेतरी जागा सापडते. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. कापड जाड की विरळ, ऊन डोक्यावर की तिरपं, यावर ते हलणारच.

नेमकी जागा शोधायला फ्रेममध्ये बिनरंगाची वस्तू लागते. ग्रे कार्ड कुणी धरलेलं नसणार, तेव्हा आहे त्यातून निवडा. पाटाभोवतीची पांढरी रांगोळी सर्वांत चांगली: ती दगडाची पूड, तिच्यात नीळ नाही की चमक नाही. नवाकोरा पांढरा सदरा मात्र फसवा असतो. कपड्याला आणि धुण्याच्या पावडरीत शुभ्रता आणणारी द्रव्यं असतात. ती उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत फेकतात. त्या सदऱ्यावर ड्रॉपर (बिनरंगाची जागा दाखवायचं टूल) टेकवला की सॉफ्टवेअर तो निळा मारायला जातं आणि फोटो आणखी पिवळा होतो. चांदीचा तांब्या, स्टीलची परात यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांत शेजारच्या वस्तूंचं प्रतिबिंब असतं. मुंडावळ्यांचे मोती बहुधा किंचित पिवळसर असतात. दात आणि डोळ्यांचा पांढराही नको.

रांगोळीवर ड्रॉपर लावताना ती फटफटीत उडालेली नसावी. लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा चॅनल २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकला असेल तर तिथलं माप खोटं येतं; लाइटरूम तर अशा जागी दुसरी जागा निवडा असं सरळ सांगतो. रेघेचा सावलीकडचा भाग घ्या. आणि ती रांगोळी चेहऱ्याच्याच उजेडात आहे ना, हे पाहा. मांडवाच्या तोंडाशी काढलेली रांगोळी बाहेरच्या निळसर उजेडात असते, ती आतल्या चेहऱ्यांसाठी उपयोगाची नाही.

ड्रॉपरने आलेला आकडा अंतिम मानू नका. पिवळ्या मांडवात पूर्ण तटस्थ केलेला फोटो थंड आणि ऑफिसातल्यासारखा दिसतो. त्यातून टेम्परेचर दोन-तीनशे केल्विन परत वर न्या. मांडवात होतो हे फोटोत थोडं दिसलं पाहिजे.

यानंतर चेहऱ्याचं माप घ्या. नवरीचा चेहरा मोजू नका, त्याला हळद लागलेली आहे. त्याच उजेडात बसलेली, अजून हळद न लागलेली एखादी काकू किंवा करवली शोधा आणि तिच्या गालावर, चमक नसलेल्या जागी, कर्सर न्या. समजा मूळ फोटोत आकडे लाल २१४, हिरवा १५८, निळा ६२ असे आहेत. रंगचक्रावर ही छटा ३८ अंशांवर येते, म्हणजे स्पष्ट पिवळी. ऑटोनंतर तेच १९०, १६०, १५० झाले: छटा १५ अंश, पण रंगाची घनता २१ टक्के. राख म्हणता ती हीच. हवं ते साधारण २०५, १५२, ११८ असं असतं: छटा २३ अंशांच्या आसपास, घनता चाळिशीत. फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये एचएसबी (छटा, घनता, उजळपणा) वाचन लावलं की छटा थेट अंशांत दिसते. लाइटरूम क्लासिक आकडे टक्क्यांत देतो, आणि तेही स्वतःच्या मोठ्या रंगपटात, म्हणून ते या आकड्यांशी थेट जुळत नाहीत.

आपल्याकडच्या गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंतच्या त्वचेत ही छटा फारशी हलत नाही, १८ ते २८ अंशांत बहुतेक सगळे बसतात. बदलतो तो उजळपणा. म्हणून सावळ्या माणसाचा रंग "सुधारताना" छटा तपासा, उजळपणाला हात लावू नका. एचएसएलमध्ये (एकेका रंगाची छटा, घनता, उजळपणा बदलणारा विभाग) ऑरेंजचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, अधिक ३० करून सगळ्या वऱ्हाडाला गोरं करायची फॅशन आहे. त्याने नाकाची, गालाची गोलाई जाते आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा सपाट होतो. अधिक १० च्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि बहुतेक फोटोंना तेवढंही लागत नाही.

दुसरी तपासणी चुड्याची, आणि ती मला आकड्यांपेक्षा विश्वासाची वाटते. काचेच्या हिरव्या बांगड्यांचा रंग घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेला असतो. फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि मनगटाजवळ जा. बांगड्या पोपटी किंवा शेवाळी दिसत असतील तर पिवळा अजून शिल्लक आहे. मोरपंखीकडे झुकल्या तर निळा जास्त झाला. बांगडीवरची उजेडाची बारीक तिरीप पाहा, ती जवळपास पांढरी हवी. काचेवरची चमक उजेडाचाच रंग दाखवते. आणि कुंकू नारिंगी नको, लालच हवं. चुडा, कुंकू आणि काकूचा गाल हे तिन्ही एकाच वेळी पटले की व्हाइट बॅलन्स झाला.

आता टोन. रंगानंतर टोन हा क्रम मुद्दाम आहे, कारण रंग बदलला की तिन्ही चॅनल वरखाली होतात आणि आधी जमवलेलं एक्स्पोजर बिघडतं. निळ्याला वर उचलल्यावर सदऱ्यांचे उजळ भाग उडू शकतात. लाइटरूममध्ये जे ही कळ दाबून कुठे उडतंय ते पाहा. एक्स्पोजर चेहऱ्यासाठी ठरवा, मांडवासाठी नाही. कापडाखाली तो बहुधा अधिक ०.३ ते अधिक ०.७ लागतो. मग हायलाइट्स उणे ३० ते उणे ५०, सदऱ्याची वीण परत दिसेपर्यंत. ऑल्ट धरून व्हाइट्स आणि ब्लॅक्स हलवा: व्हाइट्समध्ये पडद्यावर जेमतेम ठिपके उमटले की थांबा, ब्लॅक्समध्ये फक्त केसांच्या आतल्या घड्या काळ्या होऊ द्या. सदऱ्याचा उजळ भाग २३५ ते २४५ आणि केस १० ते २० च्या दरम्यान असले की छपाईतही तपशील टिकतो. शॅडोज अधिक २५ च्या वर नेऊ नका. पिवळ्या कापडाखाली सावलीतला निळा चॅनल आधीच भुकेला असतो, तिथून हनुवटीखाली किरमिजी-हिरव्या ठिपक्यांचा कचरा वर येतो.

या कचऱ्याचं कारण साधं आहे. निळा चॅनल चौपट उचलावा लागला, तर तो चॅनल दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव, उजेडात काढल्यासारखा झाला. नॉइज रिडक्शनमध्ये कलरचा स्लायडर रॉवर मुळात २५ असतो, तो ४० ते ५० करा. ल्युमिनन्सला कमीच हात लावा, नाहीतर चेहरे मेणाचे होतात.

कॉन्ट्रास्टसाठी कर्व्ह वापरणार असाल तर लक्षात ठेवा: आरजीबी कर्व्हला एस आकार दिला की रंगही गडद होतात, आणि हळदीच्या फोटोत त्याचा फटका पहिल्यांदा चेहऱ्यांना बसतो. फोटोशॉपमध्ये कर्व्ह्जचा लेयर ल्युमिनॉसिटी मोडवर ठेवा. लाइटरूममध्ये एस हलका द्या आणि व्हायब्रन्स उणे ५ करून भरपाई करा.

हळदीचं स्वतःचं एक दुखणं आहे. ती इतकी पिवळी असते की निळा चॅनल शून्याला आणि लाल २५५ ला टेकतो. मग बोटांच्या रेघा, ओल्या-सुक्या कडा काही दिसत नाही. गालावर प्लास्टिकची पट्टी चिकटवल्यासारखं वाटतं. इथे नुसता उजळपणा कमी करून उपयोग होत नाही, रंगाची घनता उतरवावी लागते. एचएसएलमध्ये यलोचं सॅच्युरेशन उणे १५ ते उणे २५ आणि ल्युमिनन्स उणे १० करा, पोत परत येतो. यलोचा ह्यू उणे ५ केला तर लिंबू जाऊन हळद येते. उलट बाजूला नेलात तर ती हिरवट होईल.

नवरीच्या चेहऱ्यावर मात्र हळद आणि त्वचा वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर एकीला सुधारताना दुसरी बिघडते. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२२ च्या ऑक्टोबरपासून मास्कमध्ये (फोटोच्या निवडक भागापुरता बदल करायची सोय) माणसं निवडता येतात.

१. मास्कमध्ये नवरी निवडा, तिच्यात चेहऱ्याची त्वचा घ्या.
२. त्यातून सबट्रॅक्ट करून कलर रेंज निवडा आणि हळदीवर क्लिक करा. रिफाइनचा स्लायडर असा ठेवा की हळदीच्या कडा मास्कमधून निघतील, गाल राहतील.
३. उरलेल्या त्वचेला टेम्प उणे ५ ते उणे १०, टिंट अधिक ३. हे आकडे केल्विन नाहीत, या मास्कपुरते सापेक्ष आहेत.
४. हळदीसाठी दुसरा मास्क करा: पुन्हा चेहऱ्याची त्वचा घ्या, ती हळदीच्या कलर रेंजशी इंटरसेक्ट करा आणि उरलेल्या हळदीला क्लॅरिटी अधिक १० द्या.

हळद गालावर पातळ पसरते तिथे कड धुरकट असते, म्हणून मास्कची कड कडक ठेवू नका. ओठ मास्कमध्ये आले तर ब्रशने काढा. ते थंड झाले की माणूस आजारी दिसतो.

मांडवाच्या तोंडाशी बसलेल्यांच्या एका गालावर बाहेरचा निळसर उजेड आणि दुसऱ्यावर आतला पिवळा पडतो. असा फोटो एका आकड्याने सुधारत नाही. आतल्या उजेडासाठी व्हाइट बॅलन्स ठरवा आणि बाहेरच्या बाजूने लिनियर ग्रेडियंट ओढून टेम्प अधिक १० ते अधिक २० द्या. पूर्ण सारखं करायचा हट्ट धरू नका, थोडा फरक डोळ्याला खरा वाटतो.

चारशे फोटो एकेक करत बसायचं नाही. वेळ आणि जागा यांनुसार गट पाडा: मांडवात सकाळी, मांडवात दुपारी, अंगणात, घरात. प्रत्येक गटातला एक फोटो नीट करा, मग प्रोफाइल आणि व्हाइट बॅलन्स एवढंच बाकीच्यांवर सिंक करा; एक्स्पोजर आणि मास्क नको. रॉवर हे चोख चालतं, कारण टेम्परेचर तिथे प्रत्यक्ष केल्विनमध्ये असतं. कॅमेऱ्याने ऑटोवर प्रत्येक फोटोला वेगळा व्हाइट बॅलन्स दिला असला तरी सिंक केल्यावर सगळे एका आकड्यावर येतात. जेपेगवर तसं होत नाही. तिथे स्लायडर उणे १०० ते अधिक १०० असा, म्हणजे फाइलमध्ये आधीच भाजून बसलेल्या रंगावरचा फरक असतो. मूळ फोटो वेगवेगळे असतील तर सिंकनंतरही वेगवेगळेच राहतात. मोबाइलच्या फोटोंना वेळ लागतो तो यामुळे.

त्या मोबाइल फोटोंसाठी वेगळी पद्धत लागते. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये १६,३८४. निळ्याच्या तळाच्या तीस-चाळीस पायऱ्या ओढून ताणल्या की गालावर पट्टे उमटतात. म्हणून टेम्परेचरचा स्लायडर फार ओढण्यापेक्षा फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये निळ्या चॅनलचा कर्व्ह वापरा. आधी १६ बिटमध्ये बदला. तपशील वाढणार नाही, पण पुढच्या गोळाबेरजेत आणखी नुकसान टळेल. कर्व्हचं शून्याचं टोक जागेवर ठेवा आणि मधला भाग वर उचला: ९० चा १२० असा. शून्याचं टोक उचललंत तर केसांवर निळा धूर पसरतो. नंतर हिरव्याचा मध्य तीन-चार अंकांनी खाली. फोटोशॉपमध्ये लेयर कलर मोडवर ठेवलात तर चेहऱ्याचा उजळपणा हलत नाही.

निळा चॅनल अगदीच मेलेला असेल तर चॅनल मिक्सर काढा. आउटपुट निळा निवडून निळा ७५, हिरवा २५ करा. हिरव्या चॅनलमध्ये चेहऱ्याचा तपशील शाबूत असतो, त्यातला थोडा निळ्याला उसना दिला जातो. याने हळद फिकी होईल, तेव्हा लेयरच्या मास्कवर हळदीच्या जागी काळा ब्रश फिरवा.

पैसे न खर्चता काम करायचं असेल तर रॉसाठी डार्कटेबल पुरेसा आहे. त्यात व्हाइट बॅलन्सचं मॉड्यूल कॅमेऱ्याच्या संदर्भ आकड्यावर तसंच ठेवायचं आणि झाक कलर कॅलिब्रेशनमधून काढायची. दोन्हीकडे बदल केलेत तर दुरुस्ती दोनदा लागते आणि मॉड्यूल लाल इशारा दाखवतं. कापडातून आलेल्या अशा विचित्र उजेडासाठी त्यात प्रदीपक (इल्युमिनंट, म्हणजे उजेडाचा प्रकार) कस्टम निवडून ह्यू (छटा) आणि क्रोमा (रंगाची तीव्रता) हाताने लावता येतात. केल्विनच्या एका रेषेवर अडकून पडावं लागत नाही, आणि या बाबतीत ते लाइटरूमच्या दोन स्लायडरपेक्षा समजायला सोपं आहे.

रात्रीच्या संगीताचे फोटोही असतील आणि त्यांत जांभळे-निळे एलईडी असतील, तर तिथे हे काही लागू नाही. उजेडात जो रंग नव्हताच, तो कुठलाही स्लायडर आणणार नाही. लाइटरूमच्या कॅलिब्रेशनमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन उणे ३० ते उणे ५० केलं तर चेहऱ्यांवरचे सपाट जांभळे डाग मवाळ होतात. तेवढंच.

आता काळपट शीट. कागद स्वतः उजेड देत नाही, घरातल्या दिव्यात तो तुमच्या पूर्ण ब्राइटनेसवरच्या स्क्रीनपेक्षा कितीतरी मंद असतो. तुम्ही त्या झगझगीत स्क्रीनवर फोटो बरा दिसेपर्यंत काळा केलात, लॅबने तो तसाच छापला. ब्राइटनेस वर सांगितल्याप्रमाणे उतरवून तोच फोटो उघडा, तो शीटसारखाच काळा दिसेल. नव्या ब्राइटनेसवर एक्स्पोजर ठरवा. त्यानंतरही लॅबकडे अख्खा अल्बम टाकू नका. आधी चार फोटोंची ४ × ६ इंची प्रिंट काढा: एक चेहरा, एक सदरा, एक हळदीची परात, एक सावलीतला. प्रिंट दिवसा खिडकीपाशी पाहा, पिवळ्या दिव्याखाली नाही. सगळीकडे सारखाच फरक असेल तर सगळ्या अल्बमला अधिक ०.२ किंवा ०.३ एक्स्पोजर देऊन मोकळे व्हा.

फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपटात, प्रोफाइल (फाइल कोणत्या रंगपटात आहे ते सांगणारी नोंद) आत ठेवूनच द्या. ॲडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइल न बघणाऱ्या मशीनवर गेली की चेहरे फिके आणि हळद मळकट येते. नव्या आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ मध्ये असतात, तेही एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी करून घ्या. १२ × ३६ इंचांच्या उघड्या शीटला ३०० डीपीआयने १०,८०० × ३,६०० पिक्सेल लागतात. मोबाइलचा व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तिथे मोठा करून लावू नका. नातेवाइकांकडून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते दाबून लहान झालेले येतात आणि निळ्या चॅनलमध्ये आधीच चौकोन पडलेले असतात.

इतकं करूनही दहा-वीस फोटो रंगात बसणार नाहीत: कुणाच्या तोंडावर कापडाचा लाल काठ उतरलेला, कुठे दोन रंगांचे दिवे. हावभाव चांगला असेल तर ते कृष्णधवल करा, पण डोळे झाकून नाही. नुसत्या लाल चॅनलमधून काढलेल्या कृष्णधवलमध्ये त्वचा गुळगुळीत दिसते, पण हळद त्वचेत विरून जाते आणि नवरीला हळद लागलीये हेच कळत नाही. निळ्यातून काढलं तर हळद चिखलासारखी काळी दिसते आणि कचरा सगळा वर येतो. चॅनल मिक्सरमध्ये मोनोक्रोम टिकवून लाल ५५, हिरवा ४०, निळा ५ पासून सुरुवात करा. हळदीची बोटं गालावर उठून दिसायला हवी असतील तर निळा पाच-पाचने वाढवत न्या आणि लाल तेवढाच कमी करा. २० च्या पुढे गेलात की हनुवटीखाली दाणे दिसू लागतील, तिथून एक पाऊल मागे या.